लाल दुपट्टा, गोलाच्या मागे

अर्धा हंगाम मी झिंगेवाल्या मावशीला तिचा मुलगा म्हणून भलताच माणूस दाखवला. मुद्दाम नाही, अगदी खात्रीनं. टीव्हीच्या पडद्यावर बोट टेकवून, गोदामात जमलेल्या सगळ्यांदेखत मी सांगितलं होतं की हा पाहा, हा तुझा रोशन. तो माणूस कोणी पोर्तुगीज निघाला. ही गोष्ट आमच्या दिघोरी गावात आता लहान पोरांनाही पाठ आहे, तेव्हा लपवून काही उपयोग नाही.

मावशीबद्दल सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण मावशीनं फुटबॉलचा एक अख्खा हंगाम पाहिला आणि त्यातला निम्मा तरी चेंडूकडं न बघता पाहिला. आम्ही बाकीचे टेबलफॅनसारख्या माना फिरवत बसायचो. चेंडू इकडं की इकडं, तिकडं की तिकडं. मावशीची मान हलत नसे. ती गोलाच्या मागच्या पायऱ्यांवर नजर लावून बसे. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला की कॅमेराही जाई, आणि मावशी त्या कॅमेरावाल्याला झापायची. "काय करून राहिला हा फोटोवाला? इकडं माणसं बसली आहेत ना!"

आधी मावशी कोण ते सांगतो. दिघोरीच्या तलावात जाळं टाकण्यात तिचा जन्म गेला. नवरा वारल्यावर जाळं तिनं खांद्यावर घेतलं ते उतरवलंच नाही. बाजाराच्या दिवशी ती सुकवलेले झिंगे घेऊन बसायची, म्हणून झिंगेवाली मावशी. आणि तिचं एकच म्हणणं असे: डोऱ्यानं पायल्याबिगर नाई. डोरा म्हणजे डोळा. तिच्याकडून मासा घ्यायला कोणी आलं की ती स्वतःच त्याचं गलफड उचलून आतला लालपणा दाखवायची. ताजा आहे असं तोंडानं कधी म्हणायची नाही. दुसऱ्यानं म्हटलेलंही तिला चालायचं नाही.

माझं दिघोरीत कृषी केंद्र आहे. मावशीची एक बांधी होती, तिच्यापुरतं धान पिकायचं. एका वर्षी तिनं माझ्याकडून बिजाईची, म्हणजे धानाच्या बियाण्याची, पिशवी घेतली. मी म्हटलं, मावशी, डोळे झाकून पेर. ती तिथंच खाली बसली, पिशवी उघडली, मूठभर दाणे हातावर पसरले, एक चावून पाहिला आणि विचारलं, "मी मांगितली ते हेच आहे ना, बाबू?" मला जरा राग आला. मी पिशवीवरचं नाव तिला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात थांबलो. ते नव्हतं. दुकानात तेव्हा बरीच गिऱ्हाइकं होती, एवढंच सांगतो.

रोशन तिचा एकुलता एक मुलगा. थोरली मुलगी शहापूरला दिलेली. रोशन आधी गोव्याला मासेमारीच्या बोटीवर गेला, तिथून कोणाच्या तरी ओळखीनं थेट पोर्तुगालला. समुद्राकाठचं गाव, आणि मासे साफ करून डब्यात भरायचा कारखाना. गावात लोक म्हणायचे, मावशीच्या पोरानं एवढी दुनिया ओलांडली आणि हाताला वास तोच राहिला. मावशीला त्याचा अभिमान वाटे. तो रोज फोन करायचा; मावशीचा फोन साधा, त्यात नुसता आवाज यायचा. माय, मी मस्त आहे, मायच्या हातच्या भाजीसारखी भाजी करतो, इथले लोक फार चांगले. आणि हसायचा.

एकदा दुकानाच्या पायरीवर बसून तिनं असाच फोन बंद केला आणि तो हातातच धरून बसली. मी विचारलं, काय झालं, बरा आहे ना रोशन? ती म्हणाली, "बराच म्हनते. फोनवर तो माह्यासाठी हासते, बाबू. मी नाई तवा हासते का, ते कोन सांगन? फोनात गलफड थोडीच उचलून पाहाले भेटते."

हे ऐकून एखाद्या शहाण्या माणसानं उसासा टाकला असता आणि गिऱ्हाइकाकडं वळला असता. मी म्हणालो, मावशी, मी दाखवतो तुला रोशन.

कारण रोशननं मला सांगितलं होतं की रविवारी तो फुटबॉल पाहायला जातो. त्या गावाचा एक संघ होता, त्याच्या शर्टावर ह्यांच्या कारखान्याचं नाव छापलेलं, म्हणून कामगारांना गोलाच्या मागच्या पायऱ्यांवर फुकट बसता येई. सामने तिकडं टीव्हीवर दाखवत. म्हणजे इकडंही दिसणारच. मी त्याच दिवशी मोबाइलवरून पोर्तुगालच्या फुटबॉलची वर्षभराची वर्गणी भरून टाकली, मोठा टीव्ही गोदामात खताच्या पोत्यांवर चढवला, आणि गावभर सांगून आलो. तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार, त्यामुळे धानाचा रोवणा आटपलेली माणसं चहाच्या आशेनं आलीच. आम्ही दोन रविवार एका भल्यामोठ्या मैदानात, मुंगी शिरायला जागा नाही अशा गर्दीत रोशनला शोधलं. तिसऱ्या रविवारी शाळेतून निवृत्त झालेले मेश्राम सर आले, चष्मा पुसून पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, रोशनचा संघ तर दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो, तू वर्गणी पहिल्याची भरली आहेस. मी म्हटलं, सर, दुकानात मी कायम एक नंबरचाच माल ठेवतो, त्याच सवयीनं झालं. सर हसले नाहीत.

मग मी दुसऱ्या दर्जाची लीग घेतली, आणि खरी मजा सुरू झाली. काय मैदान होतं ते! आपल्या तालुक्याच्या क्रीडासंकुलापेक्षा थोडं बरं. एका बाजूला भिंत, भिंतीपलीकडं लोकांची धुणी वाळत घातलेली. चेंडू जोरात मारला की भिंतीवरून जायचा आणि कोणीतरी तो परत फेकायचा. पायऱ्यांवर माणसं तुरळक. पहिल्या दर्जात रोशन जन्मात दिसला नसता. इथं एकेक माणूस मोजून घ्यावा इतका मोकळा. संघाचं नाव आम्हाला कोणालाच उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला दिघोरीच म्हणू लागलो.

तरी दुरून चेहरे ओळखू येत नव्हते. मी लगेच तोड काढली. मी रोशनला निरोप पाठवला की घरून नेलेला लाल दुपट्टा गळ्यात टाकून बस. आपल्याकडं उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा. पोर्तुगालात तो कोणाकडं असणार? पुढच्या रविवारी कॅमेरा गोलामागं फिरला आणि आख्ख्या पायऱ्यांवर प्रत्येकाच्या गळ्यात लाल पट्टा. संघाचा रंगच लाल होता. म्हातारे, बाया, पोरं, सगळ्यांनी त्या रंगाचा लोकरी पट्टा गुंडाळलेला.  सगळे माझ्याकडं बघत होते, मावशी सगळ्यांत जास्त. आता काहीतरी दाखवणं भाग होतं. पुढच्या रांगेत एक सावळासा, सडपातळ माणूस बसला होता. मी उठलो आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

मावशी पडद्याजवळ गेली. म्हणाली, एवढा उंच कधी झाला? मी म्हटलं, तिकडचं पाणी. म्हणाली, आणि मिशी? मी म्हटलं, थंडी फार आहे. मावशी परत पोत्यावर येऊन बसली. मुलाचं तोंड बघायला मिळतंय म्हटल्यावर तिनं डोऱ्यानं पाहायचं सोडून आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवला, आणि तोही माझ्या.

तिथून ती दर रविवारी त्या मिशीवाल्याला बघू लागली. तो शिंकला की हिचा जीव वर. तो शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून हसला की ही आमच्याकडं वळून बघायची. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, त्या रविवारी गावात रात्रीच्या नाटकाचा मंडप ठोकत होते, भोंगे लागले होते, आणि मावशी त्या सगळ्याकडं पाठ करून गोदामात बसली होती. त्याच दिवशी मिशीवाल्यानं खिशातून सिगारेट काढली आणि पेटवली.

मावशीनं फोनची वाट पाहिली. संध्याकाळी रोशनचा फोन आला तेव्हा बोलली. बिडी कायले ओढून राहिला, असं विचारलं. रोशननं शपथा घेतल्या. मावशी म्हणाली, मी डोऱ्यानं पायलं, आणि फोन ठेवला. पुढं दोन रविवार उलटेपर्यंत तिनं त्याचा फोन उचललाच नाही. पोरगा शेवटी माझ्याकडं रडकुंडीला आला. "काका, मायले कोनी काय सांगितलं? मी तं सुपारी बी खात नाही."

इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. मला वाटलं, पोरगा खोटं बोलतोय. मायलेकरांत एवढं बिनसलेलं बघून माझं मन द्रवलं, आणि मी ठरवलं की सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावून टाकू. पुढच्या सामन्यात, रोशन मैदानात बसलेला असताना, मी त्याला फोन लावला. म्हटलं, रोशन, आहे तिथं उभा राहा आणि हात वर कर. तो म्हणाला, केला, काका. आम्ही पडद्याकडं पाहिलं. मिशीवाला आरामात बसून सिगारेट ओढत होता. मी गोदामाकडं वळून म्हणालो, पाहा, पोरगा तोंडावर खोटं बोलतो. मेश्राम सर मागून म्हणाले, अरे बाबा, तिकडचं चित्र इकडं उशिरा पोहोचते, फोन आधी पोहोचते. जरा दम धर.

आम्ही दम धरला. पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मधे निवांत फिरत होता. आणि फोनातून एकदम असा गदारोळ ऐकू आला की फोन माझ्या हातातून पडता पडता राहिला. किंचाळ्या, ढोल, पाय आपटल्याचे आवाज. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं नाटकाच्या वेळी बसायच्या फळ्या कोसळल्या होत्या, तेव्हा असाच आवाज आला होता. मावशीच्या डोळ्यांसमोर तेच आलं असणार. तिनं माझ्या हातातून फोन हिसकला आणि ओरडली, "रोशन, खाली बस! जिथं हाय तिथंच खाली बस!"

तो काहीतरी सांगत होता. माय, अगं गोल झाला, आपला गोल झाला. मावशी म्हणाली, बस म्हटलं ना.

मग चित्र पोहोचलं. लाल शर्टवाल्यांपैकी एक जण उजवीकडून पळत आला, चेंडू आत गेला, आणि गोलामागच्या पायऱ्या जशा काही फुटल्या. सगळे उभे, लाल पट्टे हवेत, मिशीवाला दोघांच्या गळ्यात पडून नाचतोय. आणि धानानं भरलेल्या बांधीत एखादी जागा रिकामी राहून जावी, तशी त्या नाचणाऱ्या माणसांच्या मधे वरच्या रांगेत एक फट होती. त्या फटीत एक बुटकासा पोरगा फोन कानाला लावून, मान खाली घालून, आज्ञाधारकपणे बसला होता. सारं गाव त्याच्या डोक्यावर उड्या मारत होतं, आणि त्याला त्याच्या मायनं बस म्हटलं होतं.

गोदामात जो आरडाओरडा झाला, तो त्या गोलासाठी नव्हता. माणसं पोत्यांवर चढली. मेश्राम सरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी पडद्यापाशी जाऊन त्या बारक्या आकृतीवर बोट फिरवत होती आणि फोनात म्हणत होती, बारीक झाला रे तू. मी हळूच दाराकडं सरकत होतो. मावशीनं मागं न बघता म्हटलं, "बाबू, पळू नोको. च्या मांडाले सांग सगळ्यायले."

मिशीवाल्याबद्दल तिला मग वाईट वाटलं. इतके दिवस आपण त्या परक्या माणसाला मनातल्या मनात केवढं बोललो, असं तिचं म्हणणं. त्याचं नाव तिनं बिडीवाला ठेवलं, आणि सामना सुरू झाला की आधी रोशन आणि मग बिडीवाला, दोघं जागेवर आहेत ना, हे बघून घ्यायची. म्हणायची, त्याची बी माय कुठं अशनच, तिनं तं हे पायलंच नशन.

पण खरा रोशन दिसू लागला तसा मावशीचा चेहरा उतरत गेला. तो येऊन बसायचा, डबा उघडून खायचा, बघायचा, आणि उठून जायचा. गोल झाला की उभा राहून एकटाच टाळ्या वाजवायचा. थाप मारायला बाजूला कोणी नाही. त्याच्या शेजारची जागा दर रविवारी रिकामी. मी सांगू लागलो की तिकडं लोक सुटे सुटेच बसतात. मावशी म्हणाली, "बाकीचे तं चिपकून बसले आहेत. फोनवर म्हनते दोस्त लय आहेत. ते दोस्त बसतेत कुठं?" उत्तर नसलं तरी मी ते देतो, म्हणून मेश्राम सरांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं.

सरांनीच एका रविवारी दुसरी बातमी फोडली. आपली दिघोरी हरत हरत तळाला गेली होती. हंगाम संपताना तळाचे संघ तिसऱ्या दर्जात ढकलतात, आणि तिसऱ्या दर्जाचे सामने आपल्या मोबाइलवर येत नाहीत. मावशीनं विचारलं, म्हणजे रोशन नाही दिसणार? सर म्हणाले, दिघोरी खाली गेली तर नाही दिसणार.  मावशीनं पोतं ओढून पडद्यासमोर आणलं आणि म्हणाली, "मंग त्या चेंडूचं काय हाय, ते सांग मले."

त्या दिवसापासून मावशी चेंडूकडं बघू लागली, आणि आमच्या गोदामाचं कोर्ट झालं. पहिल्यांदा तिची तक्रार गोलकीपरबद्दल होती. सगळे बिचारे मेहनतीनं चेंडू जाळ्यात टाकायला बघतात आणि हा एकटा जाळ्यासमोर उभा राहून काढून फेकतो, ह्याला कोणी पगार देतं का? जाळ्यात आलेलं बाहेर फेकणारा माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो आपलाच आहे हे पटायला एक आठवडा गेला, आणि पटल्यावर तिनं त्याचं नाव मरळ ठेवलं, कारण तो गाळातल्या मरळ माशासारखा निपचित पडून राहायचा आणि एकदम उसळायचा. मैदानाच्या कडेनं पळणारा, हातातून निसटणारा विंगवाला म्हणजे वाम. गोलाजवळ उभा राहून नुसतं तोंड उघडझाक करणारा जाडा म्हणजे कतला. पोर्तुगीज नावं गेली खड्ड्यात. सारं गोदाम "वाम, इकडं दे, कतल्याले दे" असं ओरडू लागलं.

ऑफसाइड समजावण्याची जबाबदारी मी अंगावर घेतली. म्हटलं, मावशी, दुसऱ्याच्या बांधीत त्याच्या आधी जाऊन उभं राहायचं नाही, धुऱ्यावर, बांधावर थांबायचं, एवढंच. मावशी म्हणाली, "मंग तुह्या बकऱ्या माह्या बांधीत रोज ऑपसाइड होतेत, त्याची सिटी कोन वाजवन?"

होळीच्या आसपास दिघोरी जिंकायला लागली. का, ते देवाला ठाऊक. कतल्यानं एका सामन्यात डोक्यानं गोल केला आणि नंतर स्वतःच चक्रावून उभा राहिला. मावशीनं मोहफुलांच्या टोपलीतली फुलं पडद्यावर उधळली. उन्हाळी धानाला पाणी देणारी माणसं मोटार चालू ठेवून सामना बघायला येऊ लागली, आणि कोणाच्या तरी बांधीत पाणी फुटलं की भांडण माझ्या दुकानात यायचं. मी एवढा उत्साहात होतो की चेंडू पुढं गेला की मला राहवत नसे. आता गोल होणार, असं मी ओरडायचो. आणि गोल व्हायचाही, फक्त आपल्यावर. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मावशीनं मला माझ्याच गोदामातून बाहेर काढलं. शेवटचे सामने मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून भिंतीआडून ऐकले. माझा टीव्ही, माझी वर्गणी, माझा चहा.

शेवटचा सामना मे महिन्यात. आमच्याकडं उन्हानं रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, तलाव आटून त्याला भेगा पडल्या होत्या. नियम सोपा होता: जिंकलं तर राहिलं, बरोबरी झाली तर गेलं. सकाळपासून वीज नव्हती. मी इन्व्हर्टर लावला, एक ट्रॅक्टरची बॅटरी मागवून ठेवली, आणि गल्ल्यावर जाऊन बसलो. त्या दिवशी मावशीनं रोशनला फोन करू नको म्हणून सांगितलं होतं. पोरगा सुखानं बघू दे म्हणाली.

भिंतीआडून मला सगळं कळत होतं. आधी एक हुंदका, म्हणजे समोरच्यांचा गोल. मग बराच वेळ नुसते उसासे आणि मावशीचा आवाज, वाम, जागा हो रे. मग एकदम पोती हलल्याचा आवाज, म्हणजे आपला. बरोबरी. अजून एक हवा होता. वेळ संपत आला होता, मरळसुद्धा आपलं जाळं सोडून पुढं पळाला, असं कोणीतरी ओरडलं. गोलकीपर पुढं गेला म्हणजे काय, हे मला एव्हाना समजत होतं. मला राहवेना. मी गल्ला उघडा टाकून आत धावलो. कोपऱ्यातून चेंडू हवेत चढला होता, लाल शर्ट सगळे एका जागी गोळा झाले होते, मावशी उभी होती, आणि मी पुढं झेपावलो तेव्हा माझा पाय वायरीत अडकला.

पडदा काळा झाला.

त्या शांततेबद्दल मी अजून कोणाशी बोलत नाही. मी गुडघ्यांवर बसून वायर शोधत होतो आणि माझ्या मागं सारं गाव उभं होतं. टीव्हीसुद्धा असा की चालू झाल्यावर आधी आपल्या कंपनीचं गाणं वाजवणार, मग चित्र दाखवणार. ते गाणं आम्ही सर्वांनी पूर्ण ऐकलं.

चित्र आलं तेव्हा सामना संपला होता. बरोबरीतच. मरळ मैदानाच्या त्या टोकाला गवतावर पालथा पडला होता. कतला कमरेवर हात ठेवून आकाशाकडं बघत होता. मग कॅमेरा सावकाश गोलामागं वळला. म्हातारी माणसं पट्ट्यानं डोळे पुसत होती. वरच्या रांगेत रोशन दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. खांदे हलत होते.

आणि त्याच्या बाजूची जागा रिकामी नव्हती. बिडीवाला वर चढून आला होता. त्याचीही मिशी ओली होती. त्यानं एक हात रोशनच्या पाठीवरून टाकला, दुसऱ्या हातानं खिशातून पाकीट काढून त्याच्यापुढं धरलं. रोशननं मान हलवून नको म्हटलं. बिडीवाल्यानं पाकीट परत खिशात टाकलं, स्वतःही पेटवली नाही, आणि दोघं तसेच एकमेकांना टेकून बसून राहिले.

"पायलं?" मावशी म्हणाली. "नाई घेतली त्यानं."

 मी रडत होतो, आणि बऱ्यापैकी मोठ्यानं. मी म्हणत होतो, मावशी, गेली आपली दिघोरी, आता रोशन नाही दिसायचा. मावशीनं पदर खोचला, रिकामी टोपली उचलली आणि पडद्याकडं एकदा बघून घेतलं. तेवढ्यात कॅमेरा दुसरीकडं वळलाच. ती म्हणाली, "त्याले रडाले माणूस भेटला तिकडं. ताजा हाय माहा पोट्टा." मग ती तलावाकडं निघून गेली, आटल्या तळात चिखलातले मासे धरायला माणसं उतरली होती म्हणून.

त्या पावसाळ्यानंतर मावशीच्या गुडघ्यांनी जवाब दिला. पाण्यात उतरता येईना. शहापूरची मुलगी आणि जावई येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती जाळं तलावावरच्या बायांना देऊन गेली आणि मला काहीच नाही. बाजारात तिच्या जागेवर आता एक जण प्लास्टिकच्या बादल्या विकतो. गोदामातला टीव्ही मी उतरवला नाही. रविवारी दुपारी अजून कोणीतरी सवयीनं डोकावतो, पोत्यांकडं बघतो आणि परत जातो. तिसऱ्या दर्जाचा निकाल मेश्राम सर कुठूनतरी शोधून आणतात आणि मला सांगतात. मी तो फोनवर मावशीला सांगतो. दर वेळी ती आधी विचारते, हे सरांनी सांगितलं का तू पायलं? सरांनी म्हटलं की तिला बरं वाटतं.

यंदा थंडीत रोशन महिनाभराच्या सुट्टीवर आला. कळल्याबरोबर मी दुकान बंद केलं आणि बस बदलत बदलत शहापूरला पोहोचलो. वाटभर मी ठरवत होतो की त्याला काय काय सांगायचं: तू खाली बसलास तो दिवस, ती वायर, तो कतला. घरासमोरच्या अंगणात एक जण माझ्याकडं पाठ करून खाटेवर बसला होता, गळ्यात तोच संघाचा लाल लोकरी पट्टा. मला एकदम भरून आलं. मी मागून जाऊन त्याला घट्ट मिठी मारली, म्हटलं, रोशन, लेका, आम्ही तुला आख्खा हंगाम पाहिला रे, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तो बिचारा अवघडून तसाच बसून राहिला.

दारातून हसण्याचा आवाज आला. चहाचे कप हातात घेऊन एक बुटकासा पोरगा उभा होता. मी मिठी मारलेला माणूस मावशीचा जावई होता. पट्टा त्याला सासुरवाडीकडून भेट मिळाला होता.

मावशी ओट्यावर उन्हात झिंगे निवडत बसली होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. माझ्याकडं वरून खालपर्यंत एकदा बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "बाबू, लोकायले बिजाई तरी आता बराबर देतेस का?"